खाकीवर बसायचं नाही

साहेब, तुम्ही एका मुक्या जनावराला खोटं बोलायला शिकवलंत.

तुमचं नाव इथं लिहीत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील, आणि तुम्हाला तर ओळखावंच लागेल. सुरुवात त्या कॉलेजच्या हॉलपासून करते, कारण तिथं तुम्ही स्वतः पथकाचे प्रमुख म्हणून स्टेजवर बसला होता, गळ्यात झेंडूचा हार होता, आणि ‘मला काही आठवत नाही’ असं म्हणायची सोय तिथं नाही.

नशामुक्ती सप्ताह होता. माईकवर बजरंग डोईफोडे. अमली पदार्थांच्या कामाला श्वानपथकात आम्ही दोघंच होतो. मी हवालदार नलिनी सुरवसे, पिंकीची हँडलर. आणि तो माझा जोडीदार; गाडी चालवायचा, सरावाचे नमुने सांभाळायचा आणि पोरांपुढं भाषण द्यायचा. पिंकी ही लॅब्राडोर कुत्री. अंगानं कोळसा, नावानं पिंकी. ते कुणी ठेवलं देव जाणे. गांजा, चरस, गर्द, कशाचाही वास आला तरी तिनं भुंकायचं नाही, ओरबाडायचं नाही, फक्त जागेवर बसायचं. बसली म्हणजे माल आहे. तिची सगळी भाषा एवढीच होती.

“पोरांनो,” बजरंग सांगत होता, “व्यसनी माणूस तोंडानं कबूल होत नाही. त्याचं अंग बोलतं. डोळे बघा, सावलीत उभा असला तरी बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. नाक गळतं. अंग खाजवतो. बसल्याबसल्या डुलक्या. जेवण सुटतं आणि गोडावर हात पडतो. आणि भर उन्हाळ्यात फुल बाह्या.”

पुढच्या रांगेतली एक पोरगी उठली. “काका, तुमच्यापण फुल बाह्या आहेत की!”

हॉल खदखदून हसला. तुम्हीही हसलात साहेब, हार हलेपर्यंत.

बजरंगनं मनगटाचं बटण चाचपलं. “मला कुत्री ओरबाडतात, बाळा. तू एक दिवस ये आमच्याकडं, बाह्याच काय, गोधडी गुंडाळून फिरशील.”

मग आमचा खेळ. स्टेजखाली पोरांच्या बॅगा रांगेत मांडल्या होत्या आणि त्यातल्या एकीत बजरंगनं गर्दच्या नमुन्याची डबी लपवली होती. हा नमुना म्हणजे खरा माल असतो, जप्तीतला, सरावासाठी कोर्टाच्या परवानगीनं मिळालेला. मी पिंकीला सोडलं. ती नाक खाली घालून निघाली. पहिली बॅग, दुसरी, तिसरी. डबीच्या बॅगेला नाक लावलं आणि पुढं गेली. रांग संपली. मग तिनं मान उचलली, तडक बजरंगपाशी गेली आणि त्याच्या बुटांसमोर बसली. शेपटी फरशीवर झाडूसारखी फिरत होती.

“काकाच निघाले रे!” मागून कुणीतरी ओरडलं. शिट्ट्या सुरू झाल्या.

मी तिला उठवलं, पुन्हा रांगेवर घेतलं. पुन्हा तेच. बॅगेकडं ढुंकून नाही, आणि बजरंगपुढं ठाण मांडून.

तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण बजरंगनं माईक ओढला. “ही चूक नाही पोरांनो! डबी मीच लपवली ना? वास माझ्या हाताला आहे. बघा, कुत्री कशी प्रामाणिक आहे, जोडीदारालाही सोडत नाही!”

टाळ्या पडल्या. अब्रू वाचली. गाडीत बसल्यावर मी म्हटलं, “बरं सुचलं बजरंगभाऊ तुला.” तो म्हणाला, “सुचतं अक्का. काय करणार.”

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला केबिनमध्ये बोलावलंत. बसा म्हणाला नाहीत.

“सुरवसे, हे डोईफोडेपुढं बसायचं नाटक कधीपासून चाललंय?”

“दिवाळीपासून, साहेब.”

“आणि गर्दच्या नमुन्यावर?”

“बसत नाही. साहेब, माझ्या मते नमुना बाद झालाय. एकदा नवा मागवा.”

“नवा? नवा नमुना म्हणजे अर्ज, वकील, कोर्ट, तारीख. वजन बरोबर भरतं ना?”

“वजन भरतं.”

“मग माल बरोबर आहे. कुत्रं बिघडलंय.”

मी गप्प बसायला हवं होतं, पण मला ते कधी जमलं नाही. “साहेब, डोईफोडेला पण एकदा दवाखान्यात दाखवायला पाठवू का? फार वाळलाय. गाडी उभी केली की डुलकी काढतो.”

“तुम्ही कुत्र्याच्या हँडलर आहात का डोईफोडेच्या?” बाहेरचा शिपाईसुद्धा हसला असेल इतक्या मोठ्यानं म्हणालात. मग टेबलावर पेन आपटत तुम्ही ते वाक्य म्हणालात. “हे बघा. पुढच्या महिन्यात मेळावा आहे. राज्यातली पथकं येतात, वरिष्ठ असतात, पेपरवाले असतात. तिथं ही बया कुणा वर्दीवाल्यापुढं बसली तर आपलं तोंड काळं. खाकीवर बसायचं नाही. हे शिकवा तिला.”

“साहेब, कुत्रं कपडे बघत नाही. वास बघतं.”

“मग शिकवा कपडे बघायला. शिकवायचाच पगार घेता ना?”

“पण हे उलटं शिकवणं झालं. बसायचं कशावर आणि कशावर नाही, हे तिनं ठरवायला लागलं तर—”

“मेळाव्यात एकदा जरी खाकीवर बसली, तर मी तिला निकामी लावतो. आणि तुम्ही पोलीस ठाण्यात जा. समन्स वाटा.”

निकामी लावणं म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. कुत्र्याला पथकातून काढायचं, आणि जो कुणी नेईल त्याच्या दारात बांधायचं. पिंकी तेव्हा ऐन उमेदीत होती. गोणपाटाखाली दडवलेला गांजा तिनं पावसात भिजून काढला होता. तिला कुणाच्या गोठ्यात साखळीला बांधलेली मला बघायची नव्हती. एवढ्यासाठी, फक्त एवढ्यासाठी, मी “ठीक आहे साहेब” म्हणाले.

आता कुणी विचारेल, बाई, भाषणात सांगितलेली सगळी लक्षणं समोर चालत-बोलत होती, तुम्हाला दिसली कशी नाहीत? दिसली. पण आमच्या कामात प्रत्येक लक्षणाला एक कारण तयार असतं. अंग खाजवतो, तर कुत्र्याच्या गोचिडी चावल्या असतील. नाक गळतं, तर फिनेलचा वास भिनलाय. हातावर ओरखडे, तर कुत्र्यांचेच. डुलकी, तर ड्रायव्हर माणूस. अंगाला मालाचा वास, तर नमुने तोच हाताळतो. दुसऱ्या कुठल्या खात्यात असता तर बायकांनी कुजबुज केली असती. आमच्यात त्याला कुणी बोट लावलं नाही.

एकट्या पिंकीनं लावलं. आणि तिचं बोट मोडायचं काम माझ्याकडं आलं.

सराव मैदानावर सुरू झाला. मुख्यालयातून मागवलेली चार माणसं ओळीत उभी करायची, दोन साध्या कपड्यात, दोन वर्दीत, आणि शेवटी बजरंग, तोही वर्दीत. कुत्र्याचा पगार म्हणजे बॉल. बरोबर केलं की बॉल, चुकलं की काही नाही. साध्या कपड्यातल्या माणसाच्या खिशात गांजाची पुडी असली आणि पिंकी बसली, की बॉल. वर्दीपुढं बसायला लागली, की पट्ट्याला हिसका, “नो”, आणि पुढं. न बसता गेली, की बॉल.

एक बॉल माझ्याकडं, एक बजरंगकडं, नेहमीसारखा.

पहिल्याच फेरीत ती त्याच्यापुढं बसली. मी हिसका द्यायच्या आत टप्पकन बॉल पडला. त्याच्या हातातून. पिंकीनं झेप घेतली आणि तोंडात धरून नाचायला लागली.

“अरे, काय करतोयस?” मी ओरडले. “बसल्यावर द्यायचा नाही!”

“सुटला अक्का. हात घामेजलाय.”

पुढच्या फेरीत पुन्हा सुटला.

“बजरंगभाऊ, तुझ्या हाताला काय लोणी लावलंय? ही निकामी लागली तर तुझ्या दारात आणून बांधीन बघ!”

“बांध की. माझं पोरगं खूश होईल.”

ओळीतली माणसं हसली. मला हसू येत नव्हतं. कुत्र्याला दहा वेळा शिकवलेलं एका चुकीच्या बॉलनं पुसलं जातं, हे त्याला माझ्याइतकंच माहीत होतं. तिसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा मी जाऊन त्याच्या हातातला बॉल हिसकावून घेतला.

“तुला हिला घालवायचीय का पथकातून?”

त्यानं तोंड उघडलं. काहीतरी बोलणार असं वाटलं. मग म्हणाला, “नाही गं. घे. तुझ्याकडंच राहू दे.”

त्यानंतर पिंकीला यायला लागलं. हुशार होती ना ती, ते हुशारपण तिच्या मुळावर आलं. एका सकाळी ती बजरंगपाशी आली, त्याच्या गुडघ्याला नाक लावलं, थांबली. मागचे पाय दुमडायला लागले होते. तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी काही बोलले नाही. ती उठली आणि पुढं गेली.

मी बॉल फेकला. “शाबास! शाबास गं माझी राणी!”

बजरंग मैदानाच्या कट्ट्यावर बसला होता, दोन्ही हात मांड्यांत घालून. “शिकली अक्का,” म्हणाला.

“शिकणारच. आता वाचली ती.”

“हो,” तो म्हणाला. “ती वाचली.”

मेळावा दुसऱ्या शहरात होता, मोठ्या मैदानावर. तिथले नमुने तिथल्या लोकांनी लपवलेले, आम्ही हात न लावलेले. आणि पिंकीनं काय काम केलं त्या दिवशी! स्टेपनीच्या आतला गर्द, सुटकेसच्या अस्तरातला चरस, एकामागून एक. जाईल तिथं बसायची, घड्याळ बघायलासुद्धा वेळ नाही. मला वाटून गेलं, परक्याच्या डबीवर पटकन बसते आणि घरच्या डबीवर का बसत नाही? पण जिंकणाऱ्या माणसाला प्रश्न टिकत नाहीत. शेवटी माणसांची रांग होती. वर्दीतली माणसं मधूनमधून उभी केली होती, आणि माणसं कमी पडली म्हणून पथकांचे ड्रायव्हरही घेतले होते. बजरंग कडेला होता.

पिंकी त्याच्यापाशी आली. बजरंग एकटक तिच्याकडं बघत होता. त्याचे ओठ हलत होते. आता मला माहीत आहे तो काय म्हणत होता. ती हुंगून पुढं गेली.

आम्हाला दुसरं बक्षीस मिळालं. तुमचा फोन आला. “बघितलंत सुरवसे? शिस्त लावली की कुत्रंसुद्धा सुधारतं. अभिनंदन!” मी थँक्यू म्हटलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं होतं.

जेवणं उरकून मी पिंकीला घेऊन गाडीकडं गेले. बजरंग स्टेअरिंगवर मान टाकून पडलेला. नेहमीची डुलकी, मला वाटलं. दार उघडंच होतं. पिंकी पुढं झाली, त्याच्या लोंबकळणाऱ्या हाताला नाक लावलं, हुंगलं. आणि मग साहेब, ऐका. ती मागं वळली, माझ्यासमोर उभी राहिली आणि शेपटी हलवत माझ्या खिशाकडं बघायला लागली. बॉल मागत होती. मी बसले नाही, बघ, असं सांगत होती.

तेव्हा मला त्याचा श्वास ऐकू आला. श्वास म्हणावा असा नव्हताच तो, नळाला पाणी येण्याआधी होते तशी घरघर. मी त्याचं डोकं उचललं. ओठ जांभळे. पापणी वर केली. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. पायाशी एक प्लास्टिकची पुडी पडली होती आणि तिच्या शेजारी झाकण उघडलेली आमची डबी. नमुन्याची.

मी किंचाळले असेन. मैदानावर डॉक्टर होता म्हणून बजरंग वाचला, नाहीतर त्या दिवशी बक्षिसाबरोबर मी एक मयत घेऊन परतले असते.

दवाखान्यात तो शुद्धीवर आला. त्याची बायको मंगल बाहेर बाकावर भिंतीला डोकं टेकून बसली होती. मी आत गेले ते शिव्या द्यायलाच.

“गर्द काढून डबीत काय भरत होतास?”

“नाचणीचं पीठ,” तो म्हणाला. “रंग जुळतो. वजन भरतं.”

“आणि मी म्हणते कुत्री बिघडली! माझ्या कुत्रीचं वाटोळं करायला निघाला होतास तू.”

“कंबर गेली होती अक्का, गाडी उलटली तेव्हा. आधी गोळ्या घेतल्या. त्या पुरेनात. डबी माझ्याच हातात होती. डबी संपली तेव्हा बाहेरून घ्यायला लागलो.” मग तो सलाईनकडं बघत म्हणाला, “बॉल सुटत नव्हता माझ्या हातातून.”

“काय?”

“सरावाच्या वेळी. मी टाकत होतो. मुद्दाम.”

“कशासाठी?”

“तोंडानं सांगायला जमत नव्हतं,” तो म्हणाला. “मंगलला नाही, तुला नाही. म्हटलं, ही एकटी खरं बोलतेय. हिलाच पक्की करू. मेळाव्यातले नमुने मी हाताळले नव्हते. तिथं ही माझ्यापुढं बसली असती, तर हाताला वास आहे असं म्हणून मला झाकता आलं नसतं. तुम्हालाही आलं नसतं. रांगेत मी तिला म्हणत होतो, बस गं पिंके, बस.”

“कॉलेजात बसली होती की ती! तेव्हा माईक कशाला ओढलास?”

“भ्यालो.”

ज्या शिव्या घेऊन गेले होते त्या तशाच घेऊन परत आले.

चौकशी लागली. बजरंगची नोकरी गेली. ते मला पटलं, त्यालाही पटलं. तो बरेच महिने व्यसनमुक्ती केंद्रात राहिला, आज गावाकडं शेळ्या राखतो, फोनवर नीट बोलतो. पण त्याच चौकशीत पिंकीचाही निकाल लागला. तो मला तोंडपाठ आहे: ‘सदर श्वान हे दैनंदिन सहवासातील इसमाकडे असलेला अमली पदार्थ ओळखण्यास असमर्थ ठरल्याने सेवेस अपात्र.’

असमर्थ! मी चौकशी अधिकाऱ्यासमोर टेबलावर हात आपटला. म्हटलं, ती दिवाळीपासून ओळखत होती, सगळ्या कॉलेजपुढं तिनं ओळखलं होतं, तिला न ओळखायला आम्ही शिकवलं, आणि ते या साहेबांच्या हुकमानं शिकवलं. तुम्ही माझ्या शेजारच्याच खुर्चीत होता. पाण्याचा घोट घेतलात आणि म्हणालात, “असा कुठलाही आदेश माझ्याकडून गेलेला नाही. सुरवसे बाईंचा गैरसमज झाला असेल. श्वानांच्या बाबतीत त्या जरा भावनिक आहेत.”

लेखी नव्हताच हुकूम. असले हुकूम लेखी कोण देतं?

मी पिंकीला मागितलं. तुमच्याविरुद्ध बोललेल्या बाईला ती मिळणार नव्हती. एका बागायतदाराच्या फाटकावर तिला बांधली. मी रजेच्या दिवशी जायचे. पुढच्या उन्हाळ्यात गेले तेव्हा साखळी रिकामी होती. मालक म्हणाला, “ऊन लागलं तिला. तसं पण ती काही राखणीच्या कामाची नव्हती, भुंकायचीच नाही.”

भुंकायला तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

याला बरीच वर्षं झाली. मी निवृत्त झाले, तुम्ही वर चढत गेलात, आता तुमच्या सहीशिवाय कुठल्या पथकाला कुत्रं मिळत नाही म्हणतात. जुनं उकरून काढायची मला हौस नाही. पण परवा एक हँडलर माझ्या घरी आला. माने नाव त्याचं, आमच्याच पथकात नव्यानं लागलेला, नवी कुत्री मिळालेला. चहा पिता पिता म्हणाला, “मॅडम, एक विचारू? आपल्याकडं सरावात वर्दीतल्या माणसावर कुत्र्याला बसू देत नाहीत. हे ट्रेनिंग सेंटरला आम्हाला शिकवलं नव्हतं. मग आपल्याकडंच का?”

“तुला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. आधीपासून चालत आलंय म्हणतात.”

म्हणजे तुमच्या तोंडातून जे कधी गेलंच नाही, ते तुमच्यामागं पथकात मुरलं, आणि आता त्याला पद्धत म्हणतात. त्या पोराला मी काय सांगू? गैरसमज म्हणून सांगू? आमच्या पथकात पुन्हा कुणाच्या बाह्या मनगटापर्यंत बंद असतील, आणि पुन्हा एखादी कुत्री त्याच्यापुढून शहाण्यासारखी निघून जाईल. त्या दिवशी गाडीपाशी डॉक्टर असेलच असं नाही.

साहेब, ही पद्धत कुणाची? तुमची असेल तर रद्द करा, या खेपेला लेखी. तुमची नसेल तर तसं मानेला कळवा, मला नको. आणि सोमवारच्या आत कळवा, कारण त्याच्या कुत्रीचा सराव सोमवारी सुरू होतोय.